पान्यातली म्हैस

रात्री अडीचच्या सुमाराला जाग आली. तंबूच्या कापडापलीकडे, माझ्या उशीपासून फार तर पाच-सहा हातांवर, कोणीतरी गवत खुडून खात होतं. कचकन एक घास, मग दोन जड श्वास, मग पुन्हा कचकन. नवरा जागाच होता. त्याने अंधारात माझं मनगट धरलं आणि अगदी हळू विचारलं, "शिट्टी कुठंय?"

शिट्टी उशाशी होती. ती कधी वाजवायची हे संध्याकाळीच बजावून सांगितलेलं होतं. कोणी आजारी पडलं तर, आग लागली तर. जनावर बाहेर चरतंय म्हणून वाजवायची नाही, ते रोजच चरतं. मी अनवाणी उठून मधल्या बैठकीतून पलीकडच्या खोलीत गेले. दोन तंबू एका लाकडी ओट्याने जोडून केलेलं हे आमचं बिऱ्हाड, तिकडच्या तंबूत आई आणि दोन्ही मुलं. मुलं गाढ झोपलेली. आई मात्र पलंगावर शाल पांघरून बसलेली, कान बाहेर लावून.

"ऐकतेस ना?" मी म्हटलं.

"मगापासून ऐकून राहिली. कायले भेतेस? म्हैस आहे ते. पान्यातली."

आणि ती आडवी झाली. पाच मिनिटांत तिचं घोरणं बाहेरच्या श्वासांत मिसळून गेलं.

आई भंडाऱ्याकडची, वैनगंगेच्या काठची. पुण्यात येऊन तिला पन्नास वर्षं होत आली. एरवी ती आमच्यासारखंच बोलते, पण झोपेतून उठली की माहेरची बोली वर येते. सकाळी उजाडल्यावर तंबूमागे पावलं पाहिली. चार-चार बोटांची, जेवणाच्या ताटाएवढी. भोवतीचं गवत न्हाव्याने कात्री फिरवावी तसं एका उंचीवर कापलेलं. पाणघोडा गवत दातांनी तोडत नाही, रुंद ओठांत धरून खुडतो. रात्रभरात चाळीसेक किलो गवत पोटात घालतो आणि पहाटेआधी पाण्यात परततो. दीड टनाच्या त्या धुडाला आईने म्हशीत काढलं होतं. अगदीच चूक नव्हतं ते, स्वभाव मात्र म्हशीचा नाही.

* * *

कॅम्प केनियातल्या मसाई मारात, तालेक नदीच्या उत्तर काठावर. नदीच्या या बाजूला मसाई लोकांची वस्ती, गुरं, तालेक नावाचं धुळकट बाजारगाव. पलीकडच्या काठावर राखीव जंगल सुरू. जंगल म्हणायचं खरं, पण झाडी थोडी आणि गवतच फार. मारा म्हणजे मसाईंच्या 'मा' भाषेत ठिपक्याठिपक्यांचं. पिवळ्या माळावर सुटीसुटी झाडं आणि ढगांच्या सावल्या, त्यावरून हे नाव. राखीव क्षेत्र १५१० चौरस किलोमीटर. आपलं ताडोबा-अंधारी, गाभा आणि बफर मिळून, याहून मोठं भरतं. फरक असा की माराला दक्षिणेकडे कुंपण नाही. तिथे फक्त टांझानियाची सरहद्द आहे आणि तिच्यापलीकडे सेरेंगेटी, पंधरा हजार चौरस किलोमीटरला जरा कमी. जनावरांना पासपोर्ट लागत नाही.

आम्हाला लागला. शिवाय यलो फीव्हरची लस, कारण केनियातून परत येताना तिचा दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर अडवतात. साठीपुढच्या माणसाला ही लस पहिल्यांदा देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात. आईला ती द्यावी की नाही यावर घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावर झाली नव्हती. डॉक्टरांनी तपासण्या करून हो म्हटलं आणि एकाहत्तराव्या वर्षी आईचा पहिला परदेश ठरला.

तारीख मात्र फसलेली होती. मुलांना सुट्टी दिवाळीचीच, आणि आमच्या प्रवास कंपनीच्या माणसाने (नाव कशाला घ्या) 'ग्रेट मायग्रेशन हमखास' असं सांगून ऑक्टोबरअखेरचं बुकिंग केलं होतं. वाइल्डबीस्टचे कळप जुलै-ऑगस्टमध्ये मारात येतात आणि ऑक्टोबर सरता सरता सेरेंगेटीकडे उतरू लागतात. आम्ही पोचलो तेव्हा मुख्य वरात निघून गेली होती, मांडवात मागे राहिलेले पाहुणे तेवढे दिसत होते. प्रवेशशुल्क मात्र वरातीचंच. २०२४ च्या जुलैपासून परदेशी प्रौढाला दिवसाला दोनशे डॉलर, जानेवारी ते जून शंभर. नऊ वर्षांच्या थोरल्याला पन्नास, सहा वर्षांची धाकटी फुकट. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं, त्यामुळे नदी ओलांडून आत जायचं तर रोज नवं. दुसऱ्या दिवशी हिशोब करून आम्ही ठरवलं की चारपैकी दोनच दिवस आत जायचं, उरलेले नदीवर काढायचे. सहलीतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच ठरला.

नैरोबीपासून गाडीने पाच-सहा तास. शहर सोडल्यावर तासाभरात जमीन एकदम खाली कोसळते, ती रिफ्ट व्हॅली. घाटाच्या पायथ्याशी दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन कैद्यांनी बांधलेलं, देवघराहून थोडं मोठं चर्च आहे. पुढचं गाव माई माहिऊ. किकुयू भाषेत त्याचा अर्थ गरम पाणी. मग नारोक, मग सेकेनानीपर्यंत डांबरी, आणि तिथून पुढे हाडं मोजून घ्यायचा रस्ता.

एक गोष्ट निघण्याआधीच सांगायला हवी होती कोणीतरी. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायचं प्लास्टिकही चालत नाही. आमचा फराळ, अर्थातच, नऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत. निघण्याच्या आदल्या रात्री शेजारणीने आठवण करून दिली आणि बारा वाजता मी चकल्या स्टीलच्या डब्यांत रचत बसले. चिवड्याला डबा उरला नाही. तो पितळी पेढेघाटी डब्यात, देवाच्या निरांजनाशेजारी बसून आफ्रिकेत गेला.

* * *

मुलंबाळं घेऊन सिंह-पाणघोड्यांच्या नदीवर कापडी घरात राहायला जाणं हे कोणाच्या डोक्यात आलं असेल? सुरुवात शिकाऱ्यांपासून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे येणारे गोरे शिकारी शंभर-दोनशे हमालांच्या डोक्यावरून तंबू, टब आणि चांदीचे काटेचमचे नेत. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली. बंदुका गेल्या, तंबू राहिले. त्यात पुढे लाकडी जमीन आली, मागच्या बाजूला न्हाणीघर आलं, छपरावर सौर पट्ट्या आल्या. कापड मात्र कापडच ठेवलं. उद्या सगळं गुंडाळून नेलं तर जमीन होती तशी राहावी असा त्यामागचा विचार. अनेक ठिकाणी जमीनमालकांशी झालेल्या करारांतही पक्कं बांधकाम नको असंच असतं.

अनेक कॅम्प पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. जे घेतात ते 'फॅमिली फ्रेंडली' म्हणवतात. मला वाटलं होतं घसरगुंडी असेल, एक पोहण्याचा तलाव, संध्याकाळी मुलांसाठी वेगळं पास्त्याचं ताट. पास्त्याचं ताट होतं. बाकी मैत्रीचा प्रकार वेगळाच निघाला. पहिल्या दिवशी चहा होताच गाइडने मुलांना, आम्हाला वगळून, नदीच्या कठड्यापाशी नेलं आणि गुडघ्यावर बसून दहा मिनिटं बोलला. परत आल्यावर थोरल्याने नियम पाठ म्हणून दाखवले. अंधार पडला की तंबूबाहेर एकट्याने पाय ठेवायचा नाही, टॉर्च हलवायचा, अस्कारी येईल. बूट घालण्याआधी झटकायचे. चेन पूर्ण लावायची, दोन बोटं जागा राहिली तरी माकड आत येतं. काठाच्या दोरीपलीकडे कधीच नाही. आणि पाणघोडा व पाणी यांच्या मधे उभं राहायचं नाही, कधीच, कोणीच.

"का?" मी विचारलं, परीक्षा घ्यावी म्हणून.

"त्याला घरी जायचं असतं," धाकटी म्हणाली, "आणि आपण दारात."

आमच्याकडे मुलांना एक तर काही सांगत नाहीत, नाहीतर बागुलबुवा दाखवतात. इथे भीती औषधासारखी मोजून दिली होती, वयाप्रमाणे. एवढी घ्यायची, याच्यासाठी, याच्याहून जास्त नको. मुलं दुसऱ्या रात्रीपासून निवांत झोपली. शिट्टी चार रात्री उशाखाली घेऊन झोपले ते आम्ही दोघं.

अस्कारी म्हणजे पहारेकरी. हा शब्द अरबीतून आलेला, आपल्या लष्कराच्याच गोत्रातला म्हणतात. स्वाहिलीत असे ओळखीचे चेहरे पावलोपावली भेटतात. दुकानाला दुका, गाडीला गारी, कोशिंबिरीला काचुंबारी, चहाला चाय, पोळीला चपाती, लाखाला लाकी. काही अरबी-फारसीच्या वाटेने दोन्हीकडे गेले, काही आपल्या किनाऱ्यावरून गलबतांत बसून. इथली रेल्वे बांधायला १८९६ ते १९०१ या काळात तीसेक हजार हिंदी मजूर नेले, त्यांच्याबरोबरही थोडे गेले असणार. सफारी तर आपली सफरच. मुलांना मात्र आवडला तो 'न्यान्या'. या एका शब्दाचे दोन अर्थ, आजी आणि टोमॅटो. चार दिवस आईला टोमॅटो म्हणून हाक मारली गेली आणि सगळा कॅम्प त्या हाकेला हसून ओ देत राहिला.

पहाटे उठवायला येणाऱ्याने दार कुठलं ठोठावायचं? तंबूला दार नाही. तो बाहेर उभा राहून "होदी" म्हणतो. आत येऊ का, अशा अर्थाचा हा शब्द. आपण "कारिबू" म्हटलं की चहाचा ट्रे आत. किती वाजता उठवणार असं थोरल्याने विचारलं तर उत्तर आलं, साडेअकरा. पोरगं गोंधळलं. स्वाहिलीत तास सूर्याबरोबर मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, पहाटेचे साडेपाच म्हणजे साडेअकरा. विषुववृत्त दीड अंशावर असल्यामुळे सूर्य वर्षभर साडेसहाच्या आगेमागेच उगवतो, म्हणून हे घड्याळ चुकत नाही. आईला काहीच नवल वाटलं नाही. पंचांगात घटी-पळं सूर्योदयापासूनच मोजतात, ती म्हणाली, तुमचंच घड्याळ अर्ध्या रात्री कशाला सुरू होतं?

* * *

जनावरं पाहिली. सिंह पाहिले, एका हिंगणबेटाखाली अकरा, पंजे वर करून झोपलेले. माळावरची ती सुटी, छत्रीसारखी झाडं पुष्कळदा हिंगणबेटाचीच असतात. खानदेशात-विदर्भात दिसणाऱ्या झाडाचं हे आफ्रिकेतलं भावंड. आईने गाडीतूनच ओळखलं आणि गाइडला त्याचे उपयोग सांगायला सुरुवात केली. चित्ता पाहिला. हत्ती इतके पाहिले की धाकटीने तिसऱ्या कळपाला मान वर केली नाही. या सगळ्याची छायाचित्रं नवऱ्याकडे आहेत, आणि आमच्याकडे चहाला आलेल्या कोणाचीच त्यातून सुटका नसते, तेव्हा इथे पुरे.

मुलांच्या लेखी सहलीचा कळस होता शेण.

पाणघोडा शेण टाकताना शेपूट पंख्यासारखी गरागरा फिरवतो आणि सगळं चहूकडे उडवतो. नदीकाठच्या झुडपांवर तो सडा वाळलेला दिसतो. गाइडने त्याची गोष्ट सांगितली. पाणघोड्याला ऊन सोसेना, म्हणून त्याने देवाकडे पाण्यात राहायची परवानगी मागितली. देव म्हणाला, एवढ्या मोठ्या तोंडाने तू माझे सगळे मासे खाशील. पाणघोड्याने वचन दिलं की मी गवतच खाईन, आणि रोज शेण पसरून दाखवीन, एक तरी काटा सापडतो का बघ. तेव्हापासून तो देवाला हिशोब देतोय.

मुलं हसून लोळली. मला मात्र पुढचा भाग माहीत होता, निघण्यापूर्वी वाचलेला. मारा नदीत आणि तालेकसारख्या तिच्या उपनद्यांत चार हजारांवर पाणघोडे आहेत. ते रात्री माळावर चरतात आणि दिवसा पाण्यात बसून रोज सुमारे छत्तीस टन शेण नदीला देतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नदी आटलेली असताना हे शेण डोहांच्या तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मग एखादा पाऊस आला की तो विषारी काला खाली वाहत जाऊन मासे पटापट मरतात. म्हणजे वचन पाळलं, काटा एकही नाही, आणि मासे तरीही गेले. थोरल्याला हे सांगितलं. तो बराच वेळ कठड्याशी उभा राहिला. मग म्हणाला, "पण मेलेले मासे कोणीतरी खात असेलच ना?" खातातच. मगरी, करकोचे, गिधाडं.

याच संशोधकांनी आणखी एक मोजदाद केली आहे. नदी ओलांडताना वर्षाला सरासरी सव्वासहा हजार वाइल्डबीस्ट बुडून मरतात, वजन अकराशे टन. मांस आठवड्यांत संपतं, पण हाडं विरायला सात-सात वर्षं लागतात आणि तेवढा काळ नदीला थोडं थोडं खत देत राहतात. आमच्या काठाखालच्या वळणावर अशी एक कवटी चिखलात रुतलेली होती, शिंगावर रोज सकाळी कवड्या खंड्या येऊन बसायचा. वरात चुकल्याचं दुःख त्या शिंगाने बरंच हलकं केलं. टीव्हीवर जे दोन मिनिटांत संपतं त्याचं पुढे काय होतं, ते कोणी दाखवत नाही.

* * *

३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी. आईने आदल्या दिवशीच जाहीर केलं की आंघोळ उजाडायच्या आत झाली पाहिजे, आफ्रिका असो नाहीतर अमेरिका.

आमच्या तंबूतली न्हाणी जुन्या शिकारी पद्धतीची. मागच्या बाजूला झाडाच्या फांदीला कप्पी, कप्पीला दोर, दोराला जाड कॅनव्हासची बादली. आपण सांगायचं, मग मागच्या चुलीवर तापवलेलं पाणी बाहेरून बादलीत ओततात, बादली वर ओढतात, आणि आत आपल्या डोक्यावर झारी सुरू होते. वीसेक लिटर, म्हणजे चार मिनिटं. मध्येच साबण राहिला तर ओरडून आणखी मागायचं. "माजी मोतो!" गरम पाणी. धाकटीला हे दोन शब्द इतके आवडले की ती आंघोळ नसतानाही ओरडायची.

पहाटे पाचला, म्हणजे तिकडच्या अकराला, कंदिलाच्या उजेडात आईने आम्हा सगळ्यांना ओळीने तेल लावलं. उटण्याच्या वासाने बाहेर पाणी आणणारा मुलगा थबकला. हे काय, त्याने विचारलं. आज एका राक्षसाला मारलं होतं, त्याचा सण, मी म्हटलं. कोणत्या जनावराच्या रूपात होता, त्याचा पुढचा प्रश्न. माणसाच्याच, म्हटल्यावर त्याने समजून मान हलवली आणि बादली वर ओढली.

कारीट नव्हतं. ते पायाखाली फोडल्याशिवाय आंघोळीतून बाहेर यायचं नाही हा आमच्याकडचा नेम. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि माळावरून धाकटीने उचलून आणलेलं एक गोल, पिवळं, काटेरी रानफळ डाव्या अंगठ्याखाली चिरडलं. गाइडने नंतर सांगितलं की ते विषारी असतं, मसाई गुरांनाही त्यापासून लांब ठेवतात. म्हणजे नरकासुरासाठी अगदी योग्य.

खाण्याची चिंता घेऊन आम्ही आलो होतो ती पहिल्याच जेवणात मिटली. गुजराती पाहुण्यांनी इथल्या आचाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या तयार केलं आहे. कांदा-लसूण नको म्हटलं तर ते भुवईही उचलत नाहीत. आईने मात्र स्वयंपाकघरामागे जाऊन नोकरमाणसांच्या जेवणातलं उगाली मागून घेतलं. मक्याच्या पिठाची, मोदकाच्या उकडीसारखी घट्ट मूद. ती हाताने तोडून हिरव्या पालेभाजीबरोबर खायची. "मीठ इसरले," एवढाच शेरा मारून तिने दोन मुदी संपवल्या.

* * *

आमच्या बाजूचा रात्रपाळीचा अस्कारी पन्नाशीचा असावा. लाल चौकड्यांची शुका खांद्यावर, हातात दांडकं, कानाच्या पाळ्या लोंबणाऱ्या. त्याला मा आणि स्वाहिली येई, आईला मराठी आणि बऱ्यापैकी हिंदी. तिसऱ्या संध्याकाळी शेकोटीशी दोघांचं बोलणं सुरू झालं. अस्कारी स्वाहिलीत, गाइड इंग्रजीत, मी मराठीत, आणि उलट. विषय एकच, गुरं.

तुमची किती, आईने विचारलं. गाइडने भाषांतर करण्याआधीच मान हलवली. गुरं आकड्यात मोजायची नसतात, तो म्हणाला, रंगावरून आणि आईवरून ओळखायची, मोजली की दृष्ट लागते. "आमच्याकडेही असंच," आई खूश झाली. मग अस्कारीने विचारलं, तुमच्या वडिलांकडे होती का? होती. बैलांची जोडी, दोन गाई, एक म्हैस. बैल नांगराला जुंपायचे, हे ऐकून त्याचा चेहरा पडला. गाईच्या मुलाला काम करायला लावता?

बराच वेळ गेला. मग आई म्हणाली, "आमच्या आज्याचा गोठा एका पावसात रिकामा झाला होता. बुळकांडी आली होती."

मी अडखळले. बुळकांडीला इंग्रजीत काय म्हणतात? मग आठवलं, रिंडरपेस्ट. मी तो शब्द उच्चारला आणि गाइडने भाषांतरही केलं नाही. अस्कारीच म्हणाला, "सोतोका."

१८८७ च्या सुमाराला इटालियन फौजेसाठी आशियातून एरिट्रियात गुरं उतरवली गेली, त्यांच्याबरोबर हा रोग आफ्रिकेत शिरला असं मानतात. दहाएक वर्षांत तो पूर्व आफ्रिका पार करून दक्षिणेला पोचला. मसाईंची दहातली आठ-नऊ गुरं मेली. त्यातच देवीची साथ आणि दुष्काळ. त्या वर्षांना मसाई 'एमुताई' म्हणतात, समूळ पुसलं जाणं. ब्रिटिश आले तेव्हा त्यांना माळ मोकळा सापडला, तो असा मोकळा झालेला होता. हा रोग गुरांपुरता थांबला नाही. रेडे मेले, वाइल्डबीस्ट मेले. १९६१ मध्ये सेरेंगेटी-मारात वाइल्डबीस्ट जेमतेम अडीच लाख होते. भोवतालच्या गुरांना लस टोचत टोचत रोग हटवला आणि १९७७ पर्यंत हा आकडा तेरा लाखांवर गेला. जगभरचे लोक दोनशे डॉलर मोजून जी वरात पाहायला येतात, ती एवढी मोठी झाली गुरांच्या डॉक्टरांमुळे. हे त्या माणसाने, ज्याने आम्हाला मायग्रेशनची हमी दिली, कधी ऐकलं असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९५४ मध्ये सुरू झाली. आई तेव्हा वर्षा-दीड वर्षाची. तिला आठवतं ते नंतरचं. ढोर-डॉक्टर सायकलवरून यायचा, सगळ्या गावाची जनावरं देवळापुढे बांधायची, आणि पोरांना मागच्या पायापासून लांब उभं करायचे. भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त ठरला, आणि २०११ मध्ये ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. वैनगंगेच्या काठची बाई आणि तालेकच्या काठचा माणूस, दोघांनी तो आपापल्या आज्याकडून ऐकलेला, आणि शेकोटीशी बसलेल्या आम्हा बाकीच्यांना त्याचं नावही धड माहीत नव्हतं.

"आता नाही येत ना?" अस्कारीने विचारलं.

"मेली ते," आई म्हणाली. हे मी शब्दशः सांगितलं.

* * *

जेवणाच्या मोठ्या तंबूशेजारच्या अंजिराच्या झाडावर, माझ्या डोक्याच्या बरंच वर, चिखलाची एक रेघ होती. मी ती सावली समजत होते. ती पुराची होती.

२०२४ च्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तालेक काठ सोडून वर आली. डझनभराहून अधिक कॅम्प पाण्याखाली गेले, पर्यटकांना होड्यांतून आणि हेलिकॉप्टरने काढावं लागलं. त्याच्या दोनच दिवस आधी, ज्या माई माहिऊवरून आम्ही आलो त्या गावाजवळ, रात्री डोंगरातून पाण्याचा लोंढा आला आणि झोपेतली माणसं डझनावारी गेली. आम्ही तिथे थांबून चहा प्यायलो होतो. ड्रायव्हर काही बोलला नव्हता.

कॅम्पची व्यवस्थापक बाई पुराबद्दल मोकळेपणाने बोलली. पलंग सापडले ते चार किलोमीटरवर. तंबू मात्र तीन आठवड्यांत पुन्हा उभे राहिले. विटांचं असतं तर बंद करावं लागलं असतं, ती म्हणाली. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, विटांचं असतं तर कदाचित इतक्या काठाशी बांधलंच नसतं. पाहुण्यांना पलंगावरून नदी दिसायला हवी असते. मुलांना घेऊन येणाऱ्यांना तर हवीच असते. आम्हीही बुकिंग करताना फोटोत तेच पाहिलं होतं.

मारा नदीचे पूर वाढण्याची कारणं वर आहेत, ती जिथे उगवते त्या माऊच्या जंगलात. ते शेतीसाठी आणि चहासाठी कित्येक दशकं तुटत आलं आहे. पाऊस धरून ठेवणारी झाडी विरळ झाली की नदी पावसाळ्यात अंगावर येते आणि उन्हाळ्यात डबकी होते. कारणं खालीही आहेत. काठाने दाटलेले कॅम्प, वाढतं बाजारगाव, त्यांचं सांडपाणी. आमचं घडीघडीचं "माजी मोतो" त्यातच जातं. जमीन मसाई कुटुंबांची. उत्तरेकडच्या संरक्षित पट्ट्यांत त्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून कॅम्पांना भाड्याने दिल्या आहेत. पर्यटक आला न आला तरी भाडं दरमहा, ठरलेलं, आणि मोबाइलवर जमा होतं. त्या बदल्यात कुंपण नाही, घर नाही, चराई ठरलेल्या वेळी. आमच्या अस्कारीची जमीन अशाच एका पट्ट्यात होती. भाडं बरं की गुरं, असं मी विचारलं. भाडं वेळेवर येतं, तो म्हणाला, पण त्याला रंग नसतो.

* * *

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. तंबूत ज्योत लावायला सक्त मनाई, म्हणून पूजा शेकोटीशी झाली. पितळी निरांजन एका सपाट दगडावर, बाजूला चिवडा, केनियाचे शिलिंग आणि नवऱ्याच्या कॅमेऱ्याची महागडी लेन्स, जी खरं तर आमच्या घरातली एकमेव लक्ष्मी. अमावास्येचा अंधार म्हणजे काय ते पुण्यात कळत नाही. कॅम्पचे दिवे दहाला बंद झाले आणि तारे नदीपर्यंत खाली आले. पलीकडच्या काठावर सिंह ओरडला. ती डरकाळी नव्हे, रिकामी टाकी कोणीतरी जमिनीवरून ओढत नेल्यासारखा खोल, थांबत थांबत येणारा आवाज. धाकटी आईच्या मांडीवर होती. तिने मला विचारलं, "शिट्टी उशाखाली आहे ना तुझी?" काळजीने.

मध्यरात्रीनंतर पाऊस आला. कॅनव्हासवर तो असा कोसळतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. पाऊस आमच्यावर थोडाच पडला, पण वर कुठेतरी खूप पडला असावा. पहाटे पाण्याचा आवाज बदललेला होता. बाहेर आलो तर नदी दुधाळ तपकिरी, रुंद, फांद्या वाहून नेणारी. शिंगवाली कवटी दिसेना. पाणघोडे वळणावरच्या संथ पाण्यात दाटीवाटीने सरकले होते, नुसत्या नाकपुड्या आणि कान.

अस्कारीने पाण्याच्या कडेशी एक काठी रोवून ठेवली होती. थोरला दर पाच मिनिटांनी जाऊन ती पाहून येत होता, दोरीच्या अलीकडून, नियमाप्रमाणे. सामान गाडीत चढेपर्यंत पाणी काठीच्या वर वीतभर गेलं होतं. पोराने धावत येऊन सांगितलं. आई चकल्यांचा उरलेला डबा अस्कारीच्या हातात देत होती. त्याने डबा बगलेत मारला, शांतपणे पायऱ्या उतरून काठी उपटली, दोन पायऱ्या वर आणून पुन्हा रोवली, आणि एक चकली तोंडात टाकून चहाकडे निघून गेला.